कोरडं लोखंड

"कितना देती है?"

जबलपुरात मोठी मोटरसायकल घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न दिवसातून किती वेळा ऐकावा लागतो, ते हेमचंद्र टेंबेला विचारावं. अधारतालच्या सिग्नलला ऑटोवाला विचारायचा, पंपावर पेट्रोल भरणारा विचारायचा, आणि एकदा तर मयताला गेला असताना एका भल्या माणसाने खांदा बदलता बदलता विचारलं होतं. आठशे सीसीची, सव्वादोनशे किलोची, दगडधोंडे आणि नाले तुडवत जाणारी गाडी समोर उभी आहे, आणि या लोकांना काय हवं? लिटरमागे किलोमीटर! "कुठवर जाऊन आलात हिच्यावर?" असं आठ महिन्यांत एका माणसाने विचारलं नव्हतं. हेमचंद्र सुरुवातीला खरा आकडा सांगायचा. ऐकणारा कोणीतरी वारल्यासारखं तोंड करायचा. पुढे पुढे तो नुसता हेल्मेटची काच खाली ओढायला लागला.

तशी लोकांच्या बोलण्याची त्याला सवय असायला हवी होती. उंची पाच फूट चार इंच. गाडी थांबली की एका पायाचा चवडा कसाबसा जमिनीला टेकायचा, दुसरा पाय लोंबकळत राहायचा. शेजारचा गौतम रोज सकाळी दात घासता घासता म्हणायचा, "टेंबे भैया, डिक्की में एक स्टूल रख लो." मागे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या लावल्या, तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव 'दूधवाले भैया' पडलं. लाखो रुपयांच्या वस्तूची या गावात अशी किंमत होते. त्या पेट्यांत सुहासिनीने दिलेला डबा असायचा, रेनकोट असायचा आणि पंक्चरचं सामान असायचं, पण हे कोण ऐकून घेणार?

हेमचंद्र एका संरक्षण कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. दुसऱ्यांनी कातलेले लोखंडाचे नग मोजायचे, आणि माप चुकलं असेल तर नगावर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला टाकायचा, हे त्याचं काम. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे त्याची नजरच तशी झाली होती. घरातल्या पोळीपासून महापालिकेच्या गतिरोधकापर्यंत जे दिसेल त्याला तो मनातल्या मनात लाल ठिपका देऊन टाकायचा. फक्त सकाळी साडेसहाला, घरापासून कारखान्याच्या गेटापर्यंतच्या अकरा किलोमीटरांत, त्याला कशातच खोट दिसायची नाही. गाडी खाली घुमत असायची आणि तो अठरा वर्षांचा असायचा. रविवारी-सुट्टीला तो अमरकंटकला दोनदा जाऊन आला होता, पचमढीला एकदा. दिवाळीनंतर कच्छच्या रणापर्यंत जायचं ठरलं होतं. पंधरा दिवसांची रजा मंजूर होती, नवे टायर चढले होते, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवला होता.

घरात मात्र गाडीला एक शत्रू होता. हेमचंद्रचे वडील, रत्नाकर टेंबे. वय ऐंशी. त्याच कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर टर्नर, आणि छत्तीस वर्षं सायकलने ये-जा. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून तिला एकदा डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "रेडा आणून राहिला का रे?" त्यानंतर ती कायम रेडाच. "रेड्याला झाकलं का?" "रेडा किती पिऊन राहिला?" हेमचंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. अशाच एका रागाच्या भरात, देवासमोर, वडिलांसमोर आणि बायकोसमोर तो बोलून गेला होता, "ही गाडी माझ्या हातून एकदा जरी पडली ना, तर त्याच आठवड्यात विकून टाकीन. शब्द आहे माझा." टेंब्यांच्या घरात शब्द म्हणजे शब्द. तिघांनीही तो लक्षात ठेवला.

बाबांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या हातून एकेक काम काढून घेतलं गेलं होतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस तसाच सुरू राहिला, तेव्हापासून शेगडीला हात लावायचा नाही. सही जुळेना, म्हणून बँकेत जायचं नाही. एकदा भर रस्त्यात मधेच उभे राहिले, म्हणून मेन रोड ओलांडायचा नाही. दर वेळी ते "अच्छा" म्हणायचे आणि खोलीत जायचे. राहिली होती फक्त खाटेखालची पत्र्याची पेटी. तिच्यात त्यांचा मायक्रोमीटर होता, लांब चोचीची तेलाची कुपी होती, तेलाने मऊ झालेलं फडकं होतं, आणि हत्यारांना गंज चढू नये म्हणून ठेवलेल्या कापराच्या वड्या होत्या. आठवड्यातून एकदा ते ती पेटी उघडायचे, सगळं पुसायचे आणि परत ठेवायचे. तेवढा वेळ त्यांचे हात कमी थरथरायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हेमचंद्रने गाडी धुतली आणि पोर्चमध्ये लावली. दसऱ्याला तो उशिरा उठून खाली आला तर गाडीला झेंडूचा हार घातलेला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, आणि चाकांपासून हँडलपर्यंत सगळं कसं लखलखत होतं. "पूजा केली?" त्याने आत विचारलं. "झाली," सुहासिनी म्हणाली आणि का कोण जाणे, हसली. बायकोने एवढी मेहनत गाडीवर घेतली या विचाराने हेमचंद्रला भरून आलं. संध्याकाळी कमानिया गेटजवळ मावशीकडे सोनं द्यायला जायचं होतं. मिरवणुकांमुळे ऑटो मिळेना, तेव्हा तोच म्हणाला, "चल, आज बस मागे." आठ महिन्यांत पहिल्यांदा सुहासिनी गाडीवर बसली, नवी चंदेरी नेसून, हातात आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन.

गल्ली संपेपर्यंत ब्रेक लावायची वेळच आली नाही. मेन रोडवर वळून शंभर पावलंही गेला नसेल, तोच पुढची ई-रिक्षा सवारी घ्यायला जागच्या जागी थांबली. हेमचंद्रने पुढचा ब्रेक दाबला. दांडी दाबली गेली, पण चाकाला त्याचं काही सोयरसुतकच नव्हतं. पायाचा ब्रेक दाबला, तेही तसंच. त्याने हँडल वळवलं, गाडी झेंडूच्या ठेल्यावर आदळली, त्याचा आखूड पाय जमिनीला पुरला नाही, आणि सव्वादोनशे किलो लोखंड त्याच्या गुडघ्यावर आणि सुहासिनीच्या पदरावर आडवं झालं. तेही कुठे? जिथे किराणावाल्यापासून न्हाव्यापर्यंत प्रत्येक माणूस त्याला ओळखतो, तिथे! सुहासिनीचं कोपर सोललं, चंदेरी टरकन फाटली, सोनं रस्त्यावर सांडलं. चौघांनी मिळून गाडी उभी केली. त्यातल्या एकाने हात झटकले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "भैया, कितना देती है?"

त्या रात्री घरात कोणी ओरडलं नाही, हेच वाईट होतं. सुहासिनीने कोपराला हळद लावली. "तुम्ही सारखं सांगून राहिले होते, माझा हात पक्का आहे, माझा हात पक्का आहे," ती एवढंच म्हणाली. बाबा म्हणाले, "शब्द दिला होता तू. रेडा गेला पाहिजे आता. सुनेला पाडलं त्यानं." बोलताना ते सुहासिनीच्या कोपराकडे पाहत होते, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता.

हेमचंद्रला राग येणार नाही तर काय! तीनच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं, आणि ब्रेक लागत नाहीत? दुसऱ्या दिवशी लंगडत, टेम्पोत गाडी घालून तो दमोह नाक्याला तुळशीरामच्या गॅरेजवर गेला आणि पाच गिऱ्हाइकांसमोर त्याचा उद्धार केला. "मेरी बीवी पीछे बैठी थी! शर्म आनी चाहिए तुमको! ये सर्व्हिसिंग है?" हातात असता तर तुळशीरामच्या कपाळावरच लाल ठिपका दिला असता. तुळशीराम वीस वर्षं मोटरसायकली उघडणारा माणूस. त्याने एक पांढरं फडकं घेतलं, पुढच्या चाकाच्या डिस्कवरून, म्हणजे ब्रेकच्या लोखंडी चकतीवरून, गोल फिरवलं आणि हेमचंद्रच्या हातात दिलं. फडकं तेलाने पिवळं झालं होतं.

"ब्रेक में तेल, साहब," तो म्हणाला. "आगे भी, पीछे भी. किसी ने बड़े प्यार से लगाया है, एक इंच नहीं छोड़ा. और ये हमारे यहाँ का तेल नहीं है. सूँघ लो."

हेमचंद्रने फडकं नाकाशी नेलं. मशीनचं तेल होतं, आणि त्यात कापराचा वास होता. लहानपणी संध्याकाळी बाबा कामावरून आले की त्यांच्या हातांना हाच वास यायचा. ते त्याच हाताने त्याचा गाल ओढायचे.

तुळशीरामने चकती पुसून ब्रेकचे नवे पॅड टाकले. जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केले. "रख लो साहब. जिससे लड़ना हो, उसे दिखा देना." हेमचंद्रने ती पुडी मागच्या पेटीत टाकली. माफी मागायला हवी होती, पण तो पैसे देऊन निघाला.

घरी येईपर्यंत त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. स्वयंपाकघरात जाऊन त्याने सुहासिनीला विचारलं, "दसऱ्याला गाडी कोणी पुसली?"

"बाबांनी," ती म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. पाच वाजता उठून बसले होते गाडीजवळ, ती पेटी घेऊन. दीड तास! मी म्हटलं, बाबा, थंडी आहे. तर म्हणतात, 'उघडं लोखंड आहे, रात्रीतून लाल पडून राहिलं, अन् हा म्हणे इन्स्पेक्टर. कोरडं लोखंड ठेवतात काय कोणी?' तुम्ही रेडा शब्दावरून चिडता ना, म्हणून सांगायची लाज वाटत असेल त्यांना. मला तर बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी काही काम करून राहिले म्हणून."

हेमचंद्र बोलायला गेला आणि थांबला. एक वाक्य बोललं की सुटका होती. गाडी त्याच्या हातून पडलीच नव्हती, म्हणजे शब्द मोडला नव्हता, म्हणजे कच्छ होतं. आणि त्याच एका वाक्याने बाबांची पेटी जाणार होती. सुहासिनी दुष्ट नव्हती, पण तिचं कोपर अजून ओलं होतं. ती घाबरून म्हणाली असती, बाबा, ती कुपी द्या बरं माझ्याकडे. बाबा "अच्छा" म्हणाले असते आणि खोलीत गेले असते. मग त्या खोलीत त्यांनी करायचं काय?

"काहून विचारलं?" सुहासिनीने विचारलं.

"उगाच," हेमचंद्र म्हणाला.

घरच्यांसाठी सोसणारी माणसं मोठी शांत असतात, असं कोणी सांगत असेल तर त्याने हेमचंद्रला त्या आठवड्यात पाहायला हवं होतं. त्याने दारं आपटली, भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं, कारखान्यात चांगल्या नगांवरसुद्धा लाल ठिपके दिले. कपाटातला नकाशा काढला तो चार तुकडे करूनच. वर संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून गौतमला सांगायचे, "मैंने पहले दिन ही बोला था. इसके बस का नहीं है," आणि हेमचंद्रला ते खिडकीतून ऐकावं लागायचं. स्वतः तेल फासून वर हे! त्याच्या मनात यायचं की आत्ता बाहेर जावं आणि ती पुडी त्यांच्या मांडीवर टाकावी. दोनदा तर तो दारापर्यंत गेलाही. आपण केलेली चांगली गोष्ट कोणाला कळणारही नाही, याचा त्याला मनापासून संताप येत होता, आणि तो संताप येतो याचाही येत होता.

शब्दाप्रमाणे त्याने गाडी विकायला काढली, आणि रविवारी ती बघायला सिहोऱ्याहून पियूष नावाचं गिऱ्हाईक आलं. सिहोऱ्यात त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. पंचविशीचा, सहा फुटी, दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकणारा. ते बघूनच हेमचंद्रचं निम्मं रक्त आटलं. बाबा खुर्ची टाकून पोर्चमध्ये बसले होते, सुहासिनी चहा घेऊन आली. पियूषने गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "अंकल जी, कितना देती है?"

हेमचंद्रने डोळे मिटले आणि आकडा सांगितला.

"और गिरी कैसे थी?"

"मेरी गलती थी," हेमचंद्र म्हणाला. "ब्रेक देर से दबाया." एवढं बोलताना त्याचे कान तापले. खोटं मोजमाप त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं.

पियूषने मागची पेटी उघडून पाहिली, आतली पुडी काढली. "ये क्या है?" वर्तमानपत्र सुटलं आणि दोन जुने पॅड खाली पडले, बाबांच्या पायाशी. हेमचंद्र वाकायच्या आत बाबांनी एक उचलला. अंगठा फिरवला, डोळ्यांजवळ नेला. मग वास घेतला.

"हे कुठलं आहे?"

"जुनं आहे बाबा. द्या इकडे."

"कुठलं आहे, विचारून राहिलो."

"ब्रेकमधलं."

"हे त्या गोल पाट्याला घासतं? अन् घासून चाक थांबतं?"

"हो."

"मग त्या पाट्याला तेल चालतं का नाही?"

हेमचंद्रने सुहासिनीकडे पाहिलं. तिच्या हातातला ट्रे थांबला होता. तिला कळलं होतं.

"हेमचंद्र! तेल चालतं का नाही?"

"नाही बाबा."

बाबा खुर्चीच्या हातांना धरून उभे राहिले. पियूषला म्हणाले, "बेटा, गाड़ी बिकाऊ नहीं है. तुमको तकलीफ़ हुई, माफ़ करना. इसकी गलती नहीं थी. मेरा काम ख़राब निकला." पियूष म्हणाला, दादाजी, सिहोरा से आया हूँ, सुबह से निकला हूँ. बाबा म्हणाले, "चाय पी के जाओ." त्याने चहा घेतला नाही, फाटक उघडंच टाकून तो निघून गेला. त्याचा राग खोटा नव्हता.

मग बाबा मुलाकडे वळले, आणि आठवडाभर जो राग फक्त आपल्यालाच आहे असं हेमचंद्रला वाटत होतं, तो त्याने पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडावर पाहिला.

"कधीपासून माहीत आहे तुले?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"अन् चूप राहिला? छत्तीस वर्षं मी लेथवर काढली. एकदा माझे अकरा नग खराब गेले. कोणी पाहिलं नव्हतं. मी स्वतः टोपलीत घेऊन तुझ्या त्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर नेऊन ओतले, अन् म्हटलं, लाल लाव साहेब, माझे आहेत. कोणाची मेहरबानी नाही घेतली! अन् तू? सुनेला लागलं माझ्या हातानं, अन् तू मले पास करून राहिला? काहून? म्हातारा झालो म्हणून?"

उत्तर 'हो' होतं.

"गॅस काढून घेतला, मी काही म्हटलं नाही. चूक माझी होती. तोंडावर सांगितली, मी मान्य केली. पण हे? हे तर तू माझं काम मोजायचंच बंद केलं!" त्यांचा आवाज फाटला. "ज्याचं काम कोणी मोजत नाही ना, तो माणूस मेलेला असते, हेमचंद्र."

सुहासिनीने ट्रे खाली ठेवला. तिचाही आवाज चढला होता, नवऱ्यावर. "अन् मी आठवडाभर तुम्हाला बोलून राहिली! रोज! एकदा तरी सांगायचं होतं. मला काय इतकी वाईट समजता तुम्ही?" बोलता बोलता तिला रडू आलं. बाबा तिच्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, कोपर माझ्यामुळे फुटलं. माफ कर मले." ती "बाबा, असं नका" म्हणाली, तर ते तिच्यावरही खेकसले, "असं नका काय? लागलं ना? मग लागलं म्हण!"

"लागलं," सुहासिनी डोळे पुसत म्हणाली. "खूप लागलं."

"हं. आता बरोबर."

ते आत गेले. खोलीत गेले ते आता बाहेर येत नाहीत, असं हेमचंद्रला वाटलं. पण खाटेखालून पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि बाबा तेलाची कुपी आणि फडकं घेऊन परत आले. सुहासिनीने पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"सांग," बाबा म्हणाले. "हिच्यात तेल कुठं चालते?"

रेड्यात नाही, हिच्यात म्हणाले. हेमचंद्रने ते ऐकलं.

"चेनला. बाकी कुठेच नाही. चेनलाही आतल्या बाजूने, थोडंसं, अन् टायरवर एक थेंब पडायला नको."

गाडी उंच स्टँडवर चढवून हेमचंद्रने मागचं चाक मोकळं केलं. बाबा पाटावर बसले. हेमचंद्र हळूहळू चाक फिरवत राहिला आणि बाबा लांब चोचीने चेनच्या एकेका कडीवर थेंब सोडत राहिले. हात थरथरत होता. तोंड सुरूच होतं. "इतका मोठा रेडा अन् चेन कोरडी ठाक. कच्छला जाऊन राहिला म्हणे. कोण ठेवून राहिलं याला इन्स्पेक्शनमध्ये?"

निम्मी चेन झाल्यावर दोन थेंब घसरून टायरच्या कडेला पडले. बाबांना दिसले नाहीत. हेमचंद्रला दिसले. बाबा आत गेल्यावर आपण हळूच पुसून टाकू, असं त्याच्या मनात आलंही.

"बाबा," तो म्हणाला, "टायरवर सांडलं. हे चालणार नाही. पुसा, अन् परत करा."

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे कडक नजरेने पाहिलं. मग फडकं घेतलं, टायर कोरडा होईपर्यंत घासून पुसला, आणि म्हणाले, "फिरव चाक. पहिल्यापासून."